संध्याकाळी सहा ते आठ

घरी पाहुणे आले की बाबांचं एक वाक्य ठरलेलं असतं. "आमचा पोरगा रोबो बी करतोय आणि दांडपट्टा बी खेळतोय." मग पाहुणे माझ्याकडे वळून म्हणतात, "वा वा, एकानं डोकं तयार होतंय, दुसऱ्यानं शरीर!" मी मान डोलावतो आणि चहा बघायला आत सटकतो.

खरं सांगू का? या दोन गोष्टी एकमेकींना काडीची मदत करत नाहीत. उलट माझ्या संध्याकाळवरून त्यांचं गेली काही वर्षं भांडण चाललंय. कॉलेजची लॅब लेक्चरं संपल्यावर मोकळी होते, म्हणजे साडेपाचच्या पुढं. आखाड्यात सराव सहाला सुरू होतो. सहा ते आठ हे दोन तास दोन्हीकडे हवे असतात आणि मी एकच आहे. लॅबमधून लवकर निघालो तर टीमलीडर तोंड फुगवतो, आखाड्यात उशिरा पोचलो तर वस्ताद काही बोलत नाहीत, नुसतं मैदानाकडे बोट दाखवतात. म्हणजे आधी फेऱ्या मारायच्या, लाठी नंतर.

तर मी कोल्हापूरचा, मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला. कॉलेज इथलंच. बाबांचं उद्यमनगरात लेथचं लहानसं वर्कशॉप आहे. कोल्हापुरात पेठेतल्या पोराला फुटबॉल येत नाही म्हटलं की लोक आधी दचकतात, मग कीव करतात. मला खरंच येत नाही. लहानपणी गोलकीपर म्हणून उभा करायचे, कारण बाकी कुठं उभा करण्यात अर्थ नव्हता. त्या मोकळ्या झालेल्या वेळात हे दोन नाद लागले असं समजा.

रोबोकॉन म्हणजे काय हे दर वेळी सांगावं लागतं. लोकांना वाटतं रोबोंची मारामारी. तसलं काही नाही. एशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियन, म्हणजे आशियातल्या नि आसपासच्या टीव्ही-रेडिओ संस्थांची संघटना, ही स्पर्धा २००२ पासून भरवते. पहिली टोकियोला झाली. दर वर्षी यजमान देश बदलतो आणि तो देश आपल्याकडचा एखादा खेळ, सण नाहीतर परंपरा घेऊन त्यावर नवा खेळ रचतो. आपल्याकडे दूरदर्शन राष्ट्रीय फेरी घेतं आणि जिंकणारा संघ बाहेर जातो. व्हिएतनामची पोरं यात इतक्या वेळा जिंकलीत की त्यांच्या मॅचचे व्हिडिओ आमच्या लॅबमध्ये अभ्यासक्रमासारखे बघितले जातात. एक मोटर कुठं बसवलीय ते बघायला व्हिडिओ थांबवून, झूम करून, त्यावर अर्धा तास वाद घालायचा.

२००८ ला ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा पुण्यात झाली तेव्हा खेळाचं नाव होतं 'गोविंदा'. दहीहंडी! जपान, चीन, इजिप्तच्या पोरांनी वर्षभर डोकं लावून हंडीपर्यंत पोचणारे रोबो बनवले. मी तेव्हा बालवाडीत होतो, पण यूट्यूबवर तो सामना सापडला त्या रात्री मी झोपलो नाही. २०२२ ला दिल्लीकडे यजमानपद आलं तेव्हा 'लगोरी'. एका संघाचा एक रोबो चेंडू मारून लगोरी पाडणार, त्याच संघाचा दुसरा ती परत रचणार, आणि समोरचा संघ त्या रचणाऱ्याच्या डोक्यावर ठेवलेला चेंडू उडवायला बघणार. आपण गल्लीत सात दगडांवर खेळतो, तिथं पाच चकत्या होत्या, लहानमोठ्या, उतरत्या क्रमानं रचायच्या. त्याच वर्षी मी कॉलेजला लागलो, आणि सिनिअर पोरं त्या खेळाबद्दल ज्या भक्तिभावानं बोलायची ते ऐकून टीमच्या दारात जाऊन उभा राहिलो. पहिलं वर्ष रिवेट मारण्यात आणि चहा सांगण्यात गेलं. कंबोडियाचा खेळ होता, अंगकोर वाटवर फुलं उधळायची म्हणजे खांबांवर रिंगा फेकायच्या, एक हत्ती रोबो, एक ससा रोबो. हत्तीचा एक पाय माझ्या हातचा होता एवढंच सांगतो.

या स्पर्धेतली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे गेल्या वर्षीचा बॉट यंदा भंगार होतो. रिंगा फेकणाऱ्या यंत्राला भात लावता येत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला नवं नियमपुस्तक हातात पडतं आणि सगळे परत पहिलीत. जुन्यातल्या मोटरी, बॅटऱ्या, व्हॉल्व्ह काढून घ्यायचे आणि सांगाडा कापायचा. कापताना जीव तुटतो, पण मोटर महाग असते.

भात म्हटलं ते उगाच नाही. २०२४ चा खेळ व्हिएतनामचा, 'हार्वेस्ट डे', म्हणजे सुगी. आमच्या टीमसाठी तेच वर्ष मोठं होतं. पहिल्या रोबोनं रोपं उचलून ठरलेल्या जागी लावायची, मग पिकलेलं भात म्हणजे चेंडू उचलून पुढच्या भागात टाकायचे. दुसरा रोबो पूर्ण स्वयंचलित. त्याला हात लावायचा नाही, रिमोट नाही. त्यानं आपल्या रंगाचे चेंडू ओळखायचे आणि नेऊन कणग्यांत टाकायचे. लाल एका संघाचे, निळे दुसऱ्याचे, आणि जांभळा म्हणजे पोचट दाणा, तो टाळायचा. एकेका कणगीत तीन चेंडू मावतात. त्यातले निदान दोन आपले आणि सगळ्यात वरचा आपला, अशा तीन कणग्या भरल्या की सामना तिथंच संपला, गुण मोजायची गरज नाही. तीन मिनिटांचा सगळा खेळ. दोन्ही रोबो, बॅटऱ्या, रिमोट, वायरी सगळं मिळून वजन ५० किलोच्या आत.

माझ्या आईचं माहेर आजऱ्याकडं. घनसाळ तांदूळ पिकतो तो भाग, ज्याला भौगोलिक मानांकन मिळालंय. आज्जीचा जन्म चिखलात वाकण्यात गेला. तिला मी मोबाइलवर आमच्या सरावाचा व्हिडिओ दाखवला. रोबो एका वेळी रोपं उचलतो, पुढं जातो, ठेवतो. आज्जीनं चष्मा वर केला.

"तरवा कोरड्यातच लावतोय व्हय रं हा?"

"आज्जी, पाइप हाय तो. रोप न्हाई."

"आनि एका चुडाला एकच काडी?"

मग तिला कॅमेरा, रंग, पोचट दाणा असं सगळं समजावलं. पोचट दाणा ओळखायला आमची तीन पोरं दोन महिने कोड लिहितायत हे ऐकून ती हसली ती थांबेचना. "पोचाट सुपानं पाखडलं की उडून जातंय. त्येला कॅमेरा कशाला?" हे मी लॅबमध्ये जसंच्या तसं सांगितलं. आमच्या प्रोग्रामिंगवालीनं ते फळ्यावर लिहून ठेवलं आणि वर्षभर कुणी पुसलं नाही.

पण त्या जांभळ्यानं आमचा अंत बघितला. लॅबमध्ये ट्यूबलाइटखाली लाल, निळा, जांभळा तिन्ही स्पष्ट. मुलाखत घेतल्यासारखे एकेक चेंडू समोर धरायचे आणि बॉट बरोबर उत्तर द्यायचा. मोठ्या हॉलमध्ये नेलं की उंचावरच्या दिव्यांमुळे चेंडूचा वरचा भाग पांढरा पडायचा, खालचा काळवंडायचा, आणि त्या काळवंडलेल्या निळ्यात बॉटला जांभळा दिसायला लागायचा. आपलाच दाणा पोचट समजून तो मान वळवून निघून जायचा. कॅमेरे स्वतःहून उजेड नि रंग सावरत असतात, माणसासाठी ते चांगलं, यंत्रासाठी डोकेदुखी, कारण दर सेकंदाला निळ्याची व्याख्या बदलते. शेवटी कॅमेऱ्याचं ऑटो एक्स्पोजर आणि ऑटो व्हाइट बॅलन्स दोन्ही बंद केलं, बॉटच्या तोंडाशीच एलईडीची पट्टी लावली, वर पुठ्ठ्याची झापड केली. म्हणजे बाहेर दिवाळी असो की अमावस्या, चेंडूवर उजेड आमचाच. दिल्लीला त्यागराज स्टेडियमवर पोचल्यावर सरावाच्या वेळेत फक्त चेंडूंचे फोटो काढत बसलो होतो. शेजारच्या पिटमधल्या पोरांना वाटलं हे फिरायला आलेत.

दिल्लीपर्यंत पोचणं हा वेगळाच खेळ आहे. आधी डिझाइनचा कागदोपत्री अहवाल, त्याला गुण, मग चालत्या रोबोचा व्हिडिओ, त्याला गुण, त्यातून निवड. पूर्वी राष्ट्रीय फेरी पुण्यात बालेवाडीला व्हायची, तेव्हा टेम्पो केला की काम भागायचं. आता कोल्हापूरहून निजामुद्दीनची थेट गाडी आठवड्यातून एकदा. बॉट खोलून प्लायवूडच्या पेट्यांत भरायचा, पेट्यांवर झोपायचं, आणि प्रत्येक मोठ्या स्टेशनावर पोलिसांना सांगायचं की साहेब, कॉलेजचा प्रोजेक्ट आहे. हवेच्या टाक्या म्हणून आम्ही कोल्ड्रिंकच्या बाटल्या वापरतो. त्या वायरींच्या जंजाळात बघून एकानं विचारलं होतं, "ये पीने का है?" त्या वर्षी आम्ही साखळी फेरीच्या पुढं गेलो नाही. तरी एका सामन्यात दोन कणग्या भरल्या आणि तिसरीच्या तोंडाशी चेंडू असताना शिट्टी वाजली, ते आठवून अजून कुणी ना कुणी जेवताना घास खाली ठेवतो.

२०२५ ला मंगोलियाचा बास्केटबॉल होता. रोबोनं चेंडू आपटायचा, पास द्यायचा, बास्केट करायची, आणि समोरचे रोबो अडवायला अंगावर. त्याबद्दल फार लिहीत नाही. आपटलेला चेंडू परत हातात यायला चेंडूत हवा किती आणि खाली फरशी कसली यावर सगळं ठरतं, आणि लॅबची फरशी एक सांगायची, बाहेरची दुसरंच.

आता उद्यमनगर. माझ्या बरोबरीच्या पुण्या-मुंबईच्या टीमांकडे कॉलेजातच सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं मशीन असतं, स्पॉन्सर असतात. आमच्याकडे बाबा आहेत. म्हणजे बाबा, शेजारचे वेल्डिंगवाले काका, पलीकडचे शेपरवाले, आणि बिडाच्या कास्टिंगची पोती वाहणारी माणसं जी येताजाता थांबून "काय रं, चाललं काय तुझं ते?" विचारतात. संध्याकाळी धंद्याचं काम उरकलं की बाबांचा लेथ आमचा. अट एकच, चिपा झाडून जायचं.

पहिल्यांदा मी चेंडू ओढणाऱ्या रोलरच्या बेअरिंग हाउसिंगचं, म्हणजे बेअरिंग ज्या भोकात (बोअरमध्ये) बसतं त्या घराचं, ड्रॉइंग घेऊन गेलो, ६२०२ बेअरिंग, आत १५, बाहेर ३५, जाडी ११ मिलिमीटर. कॅडमधून छापलेला सुंदर कागद, तिन्ही बाजूंनी व्ह्यू. बाबांनी कागद उजेडाकडे धरला.

"३५ चा बोअर म्हणजे ३५ च व्हय?"

"हो."

"टॉलरन्स कोण लिवणार? मी?"

माप किती मागंपुढं चालेल ते मी लिहिलंच नव्हतं. मग कागद बाजूला ठेवून बाबांनी बोअर करायला घेतला. शेवटच्या दोन कटांना त्यांनी फीड इतकं हळू केलं की चिप निघतेय की नुसतं तेल चमकतंय कळेना. लेथ थांबला की बेअरिंग बोअरच्या तोंडाशी टेकवायचे, दोन अंगठ्यांनी दाबायचे, परत काढायचे. गेज खिशात होता, पण तो नंतर. तिसऱ्यांदा बेअरिंग अंगठ्यांच्या दाबानं सरकत आत गेलं आणि बुडाशी टेकताना बारीकसा आवाज आला. "हातोडी लागली म्हणजे घट्ट झालं, नुसतं पडलं म्हणजे वाया गेलं." मग गेज लावला. ३५ वर बारा मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे बारा हजारांश. पुस्तकात या मापाला एच-सेव्हन नावाच्या फिटमध्ये शून्य ते पंचवीस मायक्रॉनपर्यंत जागा दिलीय, म्हणजे बाबा बरोबर मधोमध होते. मशीन डिझाइनच्या पेपरात त्या कोष्टकावर प्रश्न आला तेव्हा मला आकडा नाही, अंगठे आठवले.

आखाड्यात मात्र कागद नाही, कोष्टक नाही. शाळेत असताना मी कराटे करायचो, पांढरा ड्रेस, दर काही महिन्यांनी परीक्षा, परीक्षेची फी, नवा रंग. वाईट नव्हतं. पण परीक्षेच्या आदल्या आठवड्यात क्लास भरायचा आणि नंतर ओस पडायचा, हे लहानपणीच खुपलं. मग दसऱ्याला दसरा चौकात मर्दानी खेळ बघितले. माझ्याच वयाची एक मुलगी बाणाटी फिरवत होती, दोन्ही टोकांना पेटलेले गोळे, आणि तिची नजर गोळ्यांकडे नव्हती. समोर होती. दुसऱ्या दिवशी मी बाबांना घेऊन आखाड्यात.

हत्यारं पुष्कळ आहेत. लाठी, तलवार-ढाल, फरी-गदगा, भाला, विटा म्हणजे दोरी बांधलेला भाला, काळविटाच्या शिंगांसारखा माडू, दांडपट्टा. पण नव्या पोराच्या हातात लाठी येते आणि बराच काळ लाठीच राहते. भरीव वेळूची, तेल पाजलेली. आधी पवित्रे, म्हणजे नुसते पाय. लाठी हातात नसतानाच पाय चालले पाहिजेत. वस्ताद पेठेतल्या एका कट्ट्यावर आमच्याकडे पाठ करून बसतात, कुणाशी तरी उसाच्या बिलाच्या गप्पा मारतात, आणि मध्येच न वळता ओरडतात, "कोन त्यो? डावा पाय!" ते आवाज ऐकतात. फिरणाऱ्या लाठीचा सूं सूं आवाज एकसारखा यायला हवा. पाय चुकला की खांदा थांबतो, खांदा थांबला की तो आवाज एका जागी दबतो. हे मला बऱ्याच उशिरा कळलं, तोवर वाटायचं यांना पाठीला डोळे आहेत.

पट्टा हातात आला तेव्हा माझ्यातला मेकॅनिकलवाला जागा झाला, नाही म्हणत नाही. दांडपट्ट्याला तलवारीसारखी उघडी मूठ नसते. हात कोपरापर्यंत लोखंडी खोबळ्यात जातो, आतली आडवी मूठ धरायची. म्हणजे मनगट बंद. तलवारीत मनगट निम्मं काम करतं, इथं ते काढूनच घेतलंय. पातं लांब, सरळ आणि लवचिक. त्याला दिशा द्यायची तर कोपर, खांदा, कंबर आणि शेवटी पायच फिरवायला लागतात. म्हणून पट्टेकरी एका जागी उभा राहून वार करत नाही, सारखा फिरत असतो, चहूबाजूंनी घेरलेल्या माणसाला सोयीचं. मी हे सगळं वस्तादांना उत्साहानं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं. आता फिर."

लिंबू कापणं लोकांना माहीत असतं. तळहातावरचं, झोपलेल्या माणसाच्या गळ्यावरचं. ते बुजुर्गांचं काम. माझं लिंबू अजून स्टुलावर आहे आणि तिथंच बरं आहे. धाकटी बहीण माझ्या नंतर आली आणि तिचे पवित्रे माझ्यापेक्षा स्वच्छ आहेत. हे वस्ताद सगळ्यांसमोर सांगतात, घरी जेवताना ती सांगते.

२०२४ च्या शिवजयंतीला दांडपट्टा महाराष्ट्राचं राज्यशस्त्र म्हणून जाहीर झाला, तेव्हा आखाड्यात पेढे वाटले. आनंद झालाच. पण पेढा खातानाच एक जण म्हणाला, "आता स्पर्धेत कधी घेणार?" हा दुखरा विषय आहे. २०२२ मध्ये हरियाणात झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धांत पंजाबचा गतका होता, मणिपूरचा थांग-ता, केरळचं कळरिपयट्टू, आणि मल्लखांबही. मर्दानी खेळ नव्हता. आमच्यातल्या पुष्कळांना वाटतं की नियम लिहा, पंच तयार करा, गुण ठरवा, की आपणही आत. त्यात तथ्य आहे. पोराला सर्टिफिकेट मिळालं तर आईबाप संध्याकाळी पाठवतात, नाहीतर ट्यूशन जिंकते.

माझं मत जरा आडवं आहे, आणि ते रोबोकॉनमुळे आडवं झालंय. नियमपुस्तक काय करतं हे मी जवळून बघितलंय. पुस्तक आलं की आम्ही पहिल्याच रात्री शोधतो की कमीत कमी कष्टात जास्त गुण कुठं आहेत, आणि मग वर्षभर फक्त तेच बनवतो. बास्केटबॉलला डंकचे, म्हणजे उडी मारून चेंडू थेट बास्केटमध्ये कोंबण्याचे, गुण जास्त, तर निम्म्या टीमांनी सगळा जीव डंकवर लावला. तिथं ते बरोबरच आहे, खेळच तो आहे, आणि पुढल्या वर्षी पुस्तक बदलतं. पण लाठीला गुण लावले की ज्याला गुण तेवढंच शिकवलं जाणार, आणि तिथं पुस्तक दर वर्षी बदलणार नाही. कोल्हापुरातच प्रत्येक आखाड्याचा हात वेगळा. आमचे वस्ताद जो पाय मागे घेतात तो पलीकडच्या पेठेत पुढे घेतात, आणि दोघंही दुसऱ्याला चूक म्हणतात. यातला एक पाय नियमात बसेल आणि दुसरा दोन पिढ्यांत जाईल. कराटे टोकियो ऑलिंपिकपर्यंत पोचलं आणि पॅरिसला नव्हतं, एवढ्या मोठ्या खेळाची ही गत. हे मी आखाड्यात बोललो तर पोरं म्हणाली, "तुला काय, तुला दिल्ली बघायला मिळाली." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मध्यंतरी एका कंपनीची ऑनलाइन मुलाखत झाली. रोबोकॉनवर वीस मिनिटं बोलणं झालं, कोणती मोटर, टीममध्ये किती जण, भांडणं कशी सोडवता. मग त्या बाईंनी खाली बघून विचारलं, "मर्दानी खेळ, म्हणजे कराटेसारखं काही?" मी म्हटलं, साधारण तसंच. काय सांगणार होतो, चार फुटांच्या खोलीत? वर पंखा होता. "यातून तुम्ही टीमवर्क शिकलात का?" त्यांना हो हवं होतं, तर हो म्हटलं. पण खरं तर आखाड्यातून मला मिळालं ते एवढंच, की तिथं मला कुणी सीजीपीए विचारत नाही. कुणाला माहीतही नाही की गेल्या सेमिस्टरला माझा एक विषय राहिला. आणि लॅबमध्ये कुणाला माझ्या डाव्या पायाशी देणंघेणं नाही. कधी बोटाच्या सांध्यावर लाठी बसलेली असते आणि सोल्डरिंग गन नीट धरता येत नाही, तेव्हा मात्र आमची प्रोग्रामिंगवाली म्हणते, "तुझा दुसरा संसार जरा आवर."

डिसेंबरात मीच एक दिवस दोन्हीकडच्यांची गाठ घालून दिली. सुट्टीचा दिवस होता, वस्तादांना लॅब बघायची होती. मी मनात भाषण तयार केलं होतं. ते आले, बॉटभोवती एक फेरी मारली, किंमत विचारली, किंमत ऐकून खुर्चीवर बसले. "एवढ्यात तालमीचं छप्पर झालं असतं की." आम्ही बॉट चालवून दाखवला. त्यांनी बघितला, चांगलंय म्हणाले, पण त्यांचं लक्ष कोपऱ्यात होतं. तिथं जुन्या बॉटच्या कापलेल्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या पडल्या होत्या. एक उचलून त्यांनी हातावर तोलली, टोकाला धरून हलवली, डोळ्यांसमोर आडवी धरून सरळ आहे का बघितलं.

"हे टाकून देणार काय तुम्ही?"

लहान पोरांना पट्टा शिकवायचा तर लोखंडाचा जड होतो, खांदे दुखतात, आणि लाकडाची पट्टी लवत नाही. ही हलकी, थोडी लवणारी, आणि फुकट. त्यांनी तिथंच माझ्या वहीचं मागचं पान मागून घेतलं, पातं एवढं, खोबळा पत्र्याचा, आत मूठ आडवी, असं काढून दिलं. मापं सगळी वीत आणि बोटांत. तो कागद मी रात्री बाबांना दिला. दुसऱ्या दिवशी वस्ताद स्वतःच उद्यमनगरात हजर.

बाबांनी कागद उजेडाकडे धरला. "वस्ताद, टॉलरन्स काय धरू?"

"म्हंजे?"

"थोडं मागंपुढं झालं तर किती चालंल?"

वस्तादांनी शेजारी खेळणाऱ्या वेल्डिंगवाल्या काकांच्या नातवाला जवळ बोलावलं, त्याचा हात कोपरापासून धरून बाबांपुढं केला. "ह्यो हात आत गेला पायजे, आणि कड लागली न्हाई पायजे. बाकी तुमी बघा."

बाबांनी व्हर्निअर काढला आणि त्या पोराच्या मनगटाला लावला.